टबापुढचं टाइलचं पॅनेल, पण काढता येईल असं

कोल्हापुरात पेठेतल्या जुन्या घरांत न्हाणी असायची, दगडी फरशीची, कोपऱ्यात तांब्याचा बंब. बाथटब हा अलीकडचा पाहुणा. आता नागाळा पार्क, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनीकडच्या फ्लॅटांत आणि बंगल्यांत तो दिसायला लागलाय. टब बसला की त्याची पुढची उघडी बाजू बंद करायचं काम गवंड्याकडं जातं आणि गवंडी ते सवयीनं करतो: टबाच्या कडेखाली चार इंची विटेची भिंत, त्यावर गिलावा, वर टाइल. दिसायला झकास. पण टबाचं वेस्ट कपलिंग (तळाच्या भोकाला पाइप जोडणारा भाग), ओव्हरफ्लोचा (जास्तीचं पाणी वरच्या भोकातून नेणारा) पाइप, खालचा ट्रॅप (वास अडवणारा वाकडा पाइप) हे सगळं त्या भिंतीमागं गाडलं जातं. काही वर्षांनी कपलिंगचं रबरी वॉशर कडक होतं, थेंब थेंब पाणी झिरपायला लागतं, आणि त्याची पहिली खबर लागते खालच्या फ्लॅटवाल्यांना, त्यांच्या छताला ओल आल्यावर. मग छिन्नी-हातोडा आणि नवी कोरी टाइल फोडणं.

हे टाळायचं तर टबापुढं टाइल लावलेलं पण काढता येणारं पॅनेल करायचं. घरी थोडंफार ड्रिल चालवणाऱ्या माणसाला हे जमण्यासारखं आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट मात्र पक्की करा. पॅनेल किती मोठं हवं ते आतल्या पाइपांवरून ठरतं, पण त्याच्या कडा कुठं येणार ते टाइलच्या सांध्यावरून ठरवायचं. आधी भोक पाडून मग टाइल लावायला गेलात, तर कड टाइलच्या मधोमध येते आणि ती चीर जन्मभर डोळ्यांत खुपते.

आधी पाण्याची परीक्षा

काहीही झाकण्यापूर्वी टब काठोकाठ भरा, ओव्हरफ्लोच्या भोकातून पाणी जाऊ द्या. मग बूच काढा आणि पाणी जोरात उतरत असताना बॅटरीच्या उजेडात प्रत्येक सांध्याखालून कोरडा टिश्यू पेपर फिरवा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदावर लगेच दिसतो. ओव्हरफ्लोची परीक्षा बहुतेक जण करतच नाहीत आणि गळती बऱ्याचदा तिथलीच निघते.

त्याच वेळी आत हात घालून बघा की पाना फिरवायला किती जागा लागते. नुसता हात जाऊन भागत नाही, खांदा टेकवून दोन्ही हात आत गेले पाहिजेत. साधारण दोन फूट रुंदी मिळाली तर प्लंबर तुम्हाला दुवा देईल. मसाजचा टब असेल, तर मोटर कुठल्या बाजूला आहे ते बघून तिथंही उघडता येणारा भाग ठेवा.

सगळं पॅनेल काढता येणारं करू नका

पाच फुटी टबापुढचं अख्खं पॅनेल एकाच तुकड्यात केलं तर वजन किती होतं बघा. 10 मिमीचा सिमेंट बोर्ड, 8 मिमीची सिरॅमिक टाइल आणि मधला अ‍ॅडहेसिव्हचा थर मिळून चौरस मीटरला 30 किलोच्या वर जातं. म्हणजे पूर्ण पॅनेल 25 किलोच्या आसपास. अरुंद बाथरूममध्ये, ओल्या फरशीवर, एकट्यानं ते उचलणं धोक्याचं आहे. एक कोपरा आपटला की टाइलचा टवका उडालाच. म्हणून माझं स्पष्ट मत असं की ट्रॅपकडचा भाग काढता येणारा ठेवा आणि उरलेला कायमचा बसवा. काढायचा तुकडा 10 किलोच्या आसपास राहतो आणि घरातलं कुणीही तो उचलू शकतं.

सांध्यांचा हिशोब

हा हिशोब कागदावर करायचाच. एक उदाहरण घेऊ. टबाची लांबी भिंतीपासून भिंतीपर्यंत 1520 मिमी आहे आणि हाताशी 300 बाय 450ची, म्हणजे बाजारात जिला बारा-अठराची म्हणतात ती टाइल आहे. टाइल उभी लावली आणि सांधा 3 मिमीचा ठेवला, तर पाच टाइलींचे 1500 आणि मधल्या चार सांध्यांचे 12 मिळून 1512 होतात. उरले 8. म्हणजे दोन्ही भिंतींशी 4-4 मिमीची फट, सिलिकॉनला अगदी बेताची. एकही टाइल उभी कापावी लागली नाही.

आता ट्रॅपकडच्या दोन टाइली काढायच्या तुकड्यावर जातील. त्याची रुंदी 603 मिमी. तिसऱ्या टाइलशी त्याचा जो उभा सांधा येतो, तीच पॅनेलची कड. बाकीच्या सांध्यांसारखाच तो 3 मिमीचा, त्यामुळं नवख्या नजरेला पॅनेल कुठं संपतं ते कळतही नाही.

उंचीचं गणित थोडं वेगळं असतं. बाथरूमच्या फरशीला नहाणी ट्रॅपकडं, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडं, उतार दिलेला असतो, त्यामुळं टबाच्या कडेपासून फरशीपर्यंतचं माप दोन्ही टोकांना सारखं येत नाही. एका टोकाला 520 आणि दुसऱ्याला 532 असं सर्रास निघतं. वर 3 मिमी आणि खाली 5 मिमी फट सोडा. वरून पूर्ण 450ची टाइल लावा, म्हणजे वरचा आडवा सांधा पाणसळीत राहतो. खालची पट्टी उतारानुसार तिरकी कापा: या मापात ती एका टोकाला 59 आणि दुसऱ्या टोकाला 71 मिमी येईल. तळाशी ती स्कर्टिंगसारखी दिसते आणि तिरकेपणा लक्षात येत नाही. हीच तिरकी पट्टी वर लावली तर टबाच्या सरळ कडेशेजारी लगेच उघडी पडते.

सामान

लक्ष्मीपुरीत एका फेरीत बहुतेक सगळं मिळतं. बोर्डासाठी दुकानात सिमेंट बोर्ड मागा, पुष्कळ जण बायसन किंवा व्ही बोर्ड या नावांनीच मागतात. पूर्ण शीट आठ बाय चार फुटांची असते आणि तुम्हाला तिचा छोटा भाग पुरतो. तेव्हा ओळखीच्या इंटिरिअरवाल्या सुताराकडं तुकडा उरलाय का ते आधी विचारा. घरात पडलेला जुना सिमेंटचा पत्रा कापून वापरायचा मोह होईल, तो टाळा. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. एमडीएफ आणि साधा कमर्शिअल प्लाय तर इथं आणूच नका. गगनबावड्याकडून पावसाच्या सरी सुरू झाल्या की शहरातसुद्धा आठ-आठ दिवस हवेतला ओलावा हटत नाही आणि असा प्लाय कडांनी फुगतो. प्लायच वापरायचा असेल तर आयएस 710चा मरीन प्लाय, तोही सहाही बाजूंनी वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात मारून.

टाइल चिकटवायला टाइल अ‍ॅडहेसिव्ह लागतं, सिमेंट नाही. पाकिटावर आयएस 15477 आणि टाइप छापलेला असतो. त्याबरोबर हेही वाचा की ते सिमेंट बोर्डवर, किंवा तुम्ही प्लाय घेतला असेल तर प्लायवर, चालतं का. गवंडी म्हणेल, ‘सिमेंटची स्लरी लावूया की, चालतंय!’ विटेच्या भिंतीवर चालतं. पातळ बोर्ड उचलताना-ठेवताना किंचित वाकतो, आणि ताठ सिमेंट ते सोसत नाही, टाइल सुटते. पॉलिमर मिसळलेल्या अ‍ॅडहेसिव्हला थोडी लवचीकता असते.

बाकी सांध्याचं अंतर राखणारे 3 मिमीचे स्पेसर, 6 मिमी खाचांची थापी, सांधे भरायचं ग्राउट, न्यूट्रल प्रकारचं बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन, मास्किंग टेप आणि डायमंड ब्लेडचा कटर. आंबूस वास येणारं स्वस्त सिलिकॉन घेऊ नका, त्यातलं आम्ल धातूला खातं.

फ्रेम

फ्रेमला लाकूड नको आणि साधं लोखंडही नको. 25 बाय 25चा अ‍ॅल्युमिनिअमचा चौकोनी पाइप घ्या. शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनच्या शेडला स्केच काढून दिलंत तर मापात कापून, जोडून मिळतो. वर एक आडवा, खाली एक आडवा, दोन्ही टोकांना उभे, आणि कायमच्या भागामागं अजून एक उभा. काढायच्या आणि कायमच्या भागाच्या मधल्या सांध्यामागचा उभा पाइप मात्र 50 बाय 25चा सांगा, कारण तिथं दोन्ही बोर्डांच्या कडा टेकायच्या असतात आणि प्रत्येकीला निम्मी जागा लागते. हे सांगायचं राहिलं तर एक बोर्ड हवेत लटकतो.

फ्रेम किती आत बसवायची ते असं काढा. टबाच्या बाहेरच्या कडेला ओळंबा लावा, दोरीखाली फरशीवर पेन्सिलची खूण करा. दुसऱ्या टोकालाही तेच. दोन खुणा जोडून रेघ मारली की टबाची कड फरशीवर उतरली. आता जाडी मोजा: बोर्ड 10, दाबून बसलेलं अ‍ॅडहेसिव्ह 4, टाइल 8, झाले 22. टाइल टबाच्या कडेच्या 3 मिमी आत राहायला हवी, म्हणजे टबाच्या ओठावरून ओघळलेलं पाणी सांध्यात न शिरता सरळ खाली पडतं. एकूण 25. म्हणजे फ्रेमचा पुढचा चेहरा रेघेच्या बरोबर 25 मिमी आत आला पाहिजे. तुमची टाइल किंवा बोर्ड वेगळ्या जाडीचा असेल तर आकडे बदलतील, पण मोजल्याशिवाय पुढं जाऊ नका. या पूर्ण कामात सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा असं मला वाटतं. इथं पाच मिलिमीटर चुकले तर नंतर ते कशानंही झाकले जात नाहीत.

फ्रेम फरशीला ड्रिल मारून अडकवायची नाही. फरशीखाली वॉटरप्रूफिंगचा कोबा आहे आणि त्यात भोक पाडलं तर ज्या गळतीसाठी हा खटाटोप चाललाय तीच तुम्ही नव्यानं तयार कराल. दोन्ही बाजूंच्या भिंतींत फिशर (स्क्रूला पकड देणारा प्लॅस्टिकचा प्लग) आणि स्टेनलेस स्क्रूनं फ्रेम धरा, खाली चिकटवायला सिलिकॉनचे ठिपके पुरतात. भिंतीत ड्रिल मारण्याआधी नळ आणि मिक्सरचे पाइप कुठून खाली उतरलेत ते प्लंबरला विचारा. फ्रेम टबाला टेकू द्यायची नाही. टब स्वतःच्या पायांवर उभा असतो आणि भरल्यावर, त्यात माणूस बसल्यावर, मिलिमीटर-दोन मिलिमीटर दबतो. म्हणून वरची 3 मिमीची फट ठरवताना टब भरलेला असू द्या.

अजून एक तपशील फॅब्रिकेटरलाच सांगून टाका. खालच्या आडव्या पाइपाला पुढच्या बाजूनं अ‍ॅल्युमिनिअमचा अँगल लावून घ्या, 10 मिमी पुढं आलेला. काढायच्या बोर्डाचं वजन त्यावर बसतं. स्क्रूंनी फक्त बोर्ड मागं धरून ठेवायचा, वजन उचलायचं नाही. आणि स्क्रूच्या जागी पाइपात स्टेनलेसचे रिव्हेट नट, म्हणजे पाइपात पक्के बसणारे आट्यांचे नट, बसवून घ्या. पातळ अ‍ॅल्युमिनिअममध्ये नुसता स्क्रू दोन-चारदा काढ-घाल केला की आटे झिजतात.

बोर्ड कापणं

बोर्ड बाथरूममध्ये कापू नका. गच्चीवर किंवा अंगणात कापा, नाकाला चांगला मास्क आणि डोळ्यांना गॉगल लावून. कायमचा बोर्ड आणि काढायचा बोर्ड वेगवेगळे. काढायचा बोर्ड टाइलच्या मापापेक्षा उभ्या कडांना एकेक मिलिमीटर लहान ठेवा, म्हणजे टाइलच्या कडा पुढं राहतात आणि बोर्ड कुठं घासत नाही. खालून तो 15 मिमी आखूड कापा. अँगल त्याच्याखाली येतो, आणि टाइलची पट्टी बोर्डाच्या खाली लोंबून अँगल झाकते. फरशीपासून बोर्ड 20 मिमी वर राहिल्यामुळं रोजच्या पाण्यात तो भिजतही नाही. कापलेल्या सगळ्या कडांना वॉटरप्रूफ कोटिंगचा हात द्या.

कायमचा बोर्ड फ्रेमला स्क्रूनं लावून टाका. काढायचा बोर्ड जागेवर धरून चार कोपऱ्यांतल्या स्क्रूची भोकं खुणावून घ्या.

टाइल लावणं

काढायच्या तुकड्यावर टाइल लावताना बोर्ड सपाट टेबलावर आडवा ठेवा. आडव्या बोर्डवर टाइल घसरत नाही, सांधे हवे तसे बसतात, आणि नवख्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. टेबल खरंच सपाट आहे का ते पाणसळीनं तपासा. वाकड्या टेबलावर सुकलेला बोर्ड वाकडाच राहतो.

स्क्रूची भोकं टाइलमध्ये आधीच पाडून ठेवा. डायमंड कोअर बिट, ड्रिलचा हॅमर बंद, वेग कमी, आणि थोडं थोडं पाणी सोडत. भोक टाइलच्या कडेला अगदी खेटून पाडू नका, पण ते मागच्या पाइपावर यायलाच हवं. सुरुवातीला बिट तिरकं धरून खाच पाडा आणि मग सरळ करा, नाहीतर ते चकचकीत पृष्ठभागावर घसरतं.

सिरॅमिक टाइल पाण्यात भिजत घालायची सवय गवंड्यांना असते, ती सिमेंटसाठी. अ‍ॅडहेसिव्हवर टाइल कोरडीच लावायची, फक्त मागची पांढरी भुकटी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. अ‍ॅडहेसिव्ह पाकिटावरच्या प्रमाणात कालवा, पाच मिनिटं तसंच राहू द्या, पुन्हा हलवा. एकदा घट्ट व्हायला लागल्यावर वरून पाणी घालून सैल करू नका. एवढ्या कामाला पाचेक किलो पूड पुरते, उरलेलं पोतं हवाबंद बांधा, पावसाळ्यात ते लवकर दगड होतं.

थापीच्या सपाट बाजूनं बोर्डावर पातळ हात दाबून घ्या, मग खाचांच्या बाजूनं एकाच दिशेनं रेघा ओढा. टाइलच्या मागंही पातळसा थर द्या. टाइल ठेवून रेघांना आडवी थोडी सरकवत दाबा. पहिली टाइल लगेच उचलून उलटी करून बघा. पाठ पूर्ण माखलेली दिसली तर ठीक, मधे कोरडे पट्टे दिसले तर थर कमी पडतोय. पाच ठिपके देऊन टाइल चिकटवायची पद्धत इथं अजिबात नको. मागची पोकळी म्हणजे पुढं तडा जाण्याची जागा. सांध्यातून वर आलेलं अ‍ॅडहेसिव्ह ओलं असतानाच काढा, स्क्रूच्या भोकातलंही.

कायमच्या बोर्डवरच्या टाइली जागेवर उभ्याच लावायच्या. तळाशी 5 मिमीच्या पाचरी ठेवून खालून वर जा. तिसऱ्या टाइलची मोकळी कड ओळंब्यात आहे ना, हे दोनदा बघा, काढायचा तुकडा तिच्याशीच जुळणार आहे.

24 तास हात लावू नका, पावसाळ्यात दोन दिवस थांबा.

ग्राउट कुठं आणि सिलिकॉन कुठं

ग्राउट फक्त त्या सांध्यांत भरायचं जे एकाच बोर्डावर आहेत. जिथं दोन वेगळ्या गोष्टी भेटतात तिथं सिलिकॉन: दोन बोर्डांच्या मधला उभा सांधा, भिंतीशी, टबाखाली आणि फरशीशी. पॅनेलच्या कडेच्या सांध्यात चुकून ग्राउट गेलं, तर पॅनेल काढता येणारं राहिलंच नाही. म्हणून ग्राउट करण्याआधी त्या कडांवर मास्किंग टेप लावा. ग्राउट आणि सिलिकॉनचा रंग दुकानातच शेजारी धरून जुळवून घ्या.

पुढची पायरी पुष्कळ जण वगळतात. काढायचा तुकडा बसवण्याआधी, मधल्या सांध्याच्या मागं फ्रेमचा जो भाग दिसतो त्यावर मास्किंग टेपची पट्टी चिकटवा. सिलिकॉन मग फक्त दोन टाइलींच्या कडांना धरतं, मागच्या धातूला नाही. त्यामुळं ते नीट ताणतं, फाटत नाही, आणि पुढं कधी ब्लेडनं कापून पॅनेल काढायचं झालं तर सहज सुटतं.

आता तुकडा अँगलवर टेकवा, स्क्रू लावा, मधे रबरी वॉशर घाला. स्क्रू आवळताना पॅनेल हलायचं थांबलं की तुम्हीही थांबा, अजून एक पीळ दिलात तर भोकापासून टाइल तडकते. वर क्रोमच्या टोप्या बसवा. कपाटाच्या दारांचे मॅग्नेटही काही जण वापरतात, पण अ‍ॅल्युमिनिअमला मॅग्नेट धरत नाही, त्यासाठी लोखंडी पट्टी लावावी लागते आणि ती गंजते. पहिल्यांदा करणाऱ्यानं स्क्रूच वापरावेत.

टब भरून ठेवा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावून सिलिकॉन भरा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटानं एका दमात गुळगुळीत करा आणि टेप ओलं असतानाच ओढा. फरशीजवळची फट पूर्ण बंद करू नका. ट्रॅपच्या टोकाला दोन ठिकाणी बोटभर जागा सोडा आणि तिच्यामागं स्टेनलेसची बारीक जाळी चिकटवा, म्हणजे झुरळं आत जात नाहीत. पुढं आत कधी गळती झालीच, तर पाणी या फटीतून तुमच्या फरशीवर येतं आणि खालच्यांच्या छताला ओल येण्याआधी तुम्हाला कळतं. सिलिकॉन सुकेपर्यंत एक दिवस टब तसाच भरलेला राहू द्या.

पॅनेल उघडायचं असेल तेव्हा कटरच्या नव्या ब्लेडनं सांधा कापा, टोप्या आणि स्क्रू काढा, आणि काच उचलायचा सक्शन कप टाइलवर लावून तुकडा सरळ आपल्याकडं ओढा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. परत बसवताना जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, नव्या सिलिकॉनला जुन्यावर पकड मिळत नाही. मसाज टबाची मोटर बघायची असेल तर आधी तिचा एमसीबी बंद करा.

टाइलच्या खोक्यावर शेड आणि बॅच नंबर असतो. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि त्याच खोक्यातल्या तीन-चार टाइली माळ्यावर जपून ठेवा. पुढच्या वर्षी तीच डिझाइन मिळाली तरी बॅच बदलली की रंगात आणि मापात किंचित फरक पडतो, आणि 3 मिमीच्या सांध्याला तो मापातला फरक लगेच जाणवतो.